निम्म्यानं दिलेली वीज

तिकोणा पेठेतल्या निम्म्या खुराड्यांत नुसरतची पिल्लं वाढली होती, पण तिचं म्हणणं मात्र कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

गावरान अंडी उबवून पिल्लं विकायचा तिचा धंदा. पूर्वी ती शेजारणींच्या खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवायची. अंडी एकीची, ऊब दुसरीच्या कोंबडीची, म्हणून पिल्लं निम्मी-निम्मी, हा पेठेचा रिवाज. बांधावरून डोकी फोडणारी माणसंसुद्धा या वाटणीवरून कधी भांडली नाहीत.

पुढे तिने उबवणीची पेटी घेतली आणि विजेच्या तोंडाकडे बघत बसायची वेळ आली. समोर पवनेचं धरण, त्याच्या पाण्यावर वीज तयार होते, आणि हिच्या घरात जरा वारा सुटला की अंधार. एकदा वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. अंडी फोडून बघितली तर आत पुरी वाढलेली, गार पडलेली पिल्लं. नुसरत रडली नाही, संतापली. हातातल्या बांगड्या मोडून तिने छपरावर सौर पॅनेल आणि घरात बॅटरी बसवून घेतली. तेव्हापासून पेटी एकदाही गार पडली नाही.

आता गावात कंपनी आली होती. गायरानावर मोठा सौर प्रकल्प उभारायचा आणि एकाच ठिकाणाहून सगळ्या घरांना स्वस्त वीज द्यायची. अट अशी, की पंचवीस वर्षं प्रत्येक घराने तीच वीज घ्यायची, छपरावर स्वतःची कुणी करायची नाही. ग्रामसभेत हात वर झाले की नुसरतचे पॅनेल खाली येणार होते.

सभेच्या आदल्या दिवशी सरपंच दत्तोबा तिच्या ओट्यावर येऊन बसला. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मरहूम कादरचा, हा जुना दोस्त.

"भाभी, सगळं गाव एका बाजूला आन् तुमी एकट्याच आडव्या. बरं दिसतं का?"

"मी कुटं आडवी आले, भाऊ? गायरानाचं गाव ठरवील. माझ्या छपराचं गावानं का ठरवायचं?"

"उद्या सभेत गप ऱ्हावा म्हंजी झालं. माईक काय तुमच्यापत्तुर यायचा न्हाई."

दत्तोबा वाईट माणूस नव्हता. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

सभा देवळापुढच्या पटांगणात, नुसरतच्या घराला लागूनच भरली. कंपनीचा अधिकारी प्रज्ञेश पडद्यावर चित्रं दाखवत होता. बोलणारा गोड होता, यात वाद नाही. "अखंड वीज," तो म्हणाला, आणि तेवढ्यात वीज गेली. शेजारच्या भामाबाईने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. कुठेतरी तार तुटली होती. माईक मुका झाला, मागच्या रांगा उठायला लागल्या.

दत्तोबा नुसरतच्या दारात आला. तिच्या नजरेला नजर देईना.

"भाभी, तुमच्याकडनं वायर जोडू का? माईकापुरती."

"जोडा की. निम्म्यानं."

"म्हंजी?"

"ऊब माझी, अंडं तुमचं. निम्मा माईक तुमचा, निम्मा माझा. आदी माझा."

या रिवाजाला नाही म्हणायची सोय पेठेत कुणालाच नव्हती. प्रज्ञेशला यातलं काही कळलं नाही. "बोलू द्या मावशींना दोन मिनिटं," तो हसून म्हणाला.

नुसरतच्या सुनेने, महेकने, वायर जोडून दिली. घरात पेटीतली पिल्लं आतून कवच टोचायला लागली होती. नुसरतने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माईक हातात घेतला.

"धरणात आपल्या वाडवडलांच्या जमिनी गेल्या. येका कोंबडीखाली चार अंडी ठिवताना आपुन वाटा ठरवतो, आन् तवा वाटा इचारायचा ऱ्हायला. आता गायरान देताय. द्या. पर वाटा ठरवून द्या. आन् माझं छप्पर त्या सौद्यात घालू नका, ते माझं हाय."

प्रज्ञेशचं हसू मावळलं. "पुरे आता, बंद करा माईक," तो दत्तोबाला म्हणाला.

दत्तोबा जागचा हलला नाही. "न्हाई साहेब. निम्म्यानं ठरलंय."

नुसरतने त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि पुढे बोलली, "तुमी हात वर केले तरी पॅनेल मी उतरवणार न्हाई. शिडी माझ्या दाराशी हाय. ज्याचा हात वर, त्यानंच चढायचं आन् माझ्या डोळ्यांदेखत उतरवायचं."

मग तिने माईक प्रज्ञेशच्या हातात दिला. वाटा म्हणजे वाटा. तोही बोलला, पुष्कळ बोलला. शेवटी दत्तोबाने हात वर करायला सांगितलं. माणसं शिडीकडे बघत बसली.

एकच हात वर आला, भामाबाईचा. हिच्याच खुडूक कोंबडीखाली नुसरतने पहिली अंडी ठेवली होती.

"मला शिडी चढायची न्हाई," भामाबाई म्हणाली. "मला साहेबांना इचारायचंय. असलं पॅनेल माझ्या पत्र्यावर बसंल का?"

प्रज्ञेशने दत्तोबाकडे बघितलं. दत्तोबा पायातल्या वहाणांकडे बघत होता. सगळी पेठ उत्तराची वाट बघत थांबली.

"बसेल," प्रज्ञेश म्हणाला, आणि नुसरतच्या विजेवर ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.