शेजारच्या पिंजऱ्यातली शिंक

प्रयोगशाळेत त्यांना पाठीमागे ‘येईलसर’ म्हणत. पक्ष्यांचा फ्लू एक ना एक दिवस हवेतून माणसामाणसांत पसरेल, ‘येईल, नक्की येईल’, असं ते आयुष्यभर सांगत आले होते आणि तो पठ्ठ्या काही येत नव्हता. कोंबड्यांत यायचा, बदकांत यायचा, क्वचित कोंबड्यांत राबणाऱ्या एखाद्या माणसाला गाठायचा. पण त्या माणसाकडून त्याच्या शेजाऱ्याकडे जाणं काही त्याला जमत नव्हतं. सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. संस्थेच्या समितीतले लोक दिसले की “काय सर, आला का?” असं विचारत, जणू सरांचा जावईच गाडीने यायचा होता.

हातात शेवटचा प्रयोग होता. फेरेट म्हणून मुंगसासारखा एक लांबोडका प्राणी असतो. माणसाचा फ्लू त्याला लागतो आणि फ्लू झाला की तो माणसासारखाच शिंकतो, म्हणून या क्षेत्रात त्याला मान फार. एका फेरेटाला पक्ष्यांचा विषाणू द्यायचा आणि शेजारच्या पिंजऱ्यात दुसरा धडधाकट ठेवायचा. मध्ये दुहेरी जाळी. स्पर्श नाही, नुसती हवा. शेजारचा आजारी पडला तर सर खरे. नाही पडला तर हारतुरे घेऊन घरी बसायचं.

सर रोज काचेपलीकडून त्या धडधाकट प्राण्याकडे टक लावून बसत. तसे ते देव देव करणाऱ्यांतले नव्हते, पण मनात सारखं ‘शिंक रे बाबा’ चाललेलं असे. फेरेट खायचा, वळकटी करून झोपायचा आणि सरांना हिंग लावून विचारायचा नाही.

एका दुपारी तो शिंकला. मग पुन्हा शिंकला.

“नमुना तपासायला टाकते, सर,” त्यांची सहायिका म्हणाली. “उद्या सकाळी कळेल.”

“टाक, टाक. मला कळलंय,” सर म्हणाले आणि वाटेत केक घेऊन घरी गेले.

त्यांची लेक त्याच सकाळी दवाखान्यातून तान्ह्या मुलीला घेऊन घरी आली होती. सरांनी हात धुतले, नातीला उचललं आणि तिच्या टाळूचा मुका घेतला. असं उघड प्रेम त्यांनी कधी लेकीवरही केलं नव्हतं.

“अहो, झालंय तरी काय?” बायको केक कापायला सुरी घेऊन आली.

“शेजारचा शिंकला!”

“कोण, वरच्या मजल्यावरचे काका?”

“फेरेट गं! म्हणजे विषाणू हवेतून जातो. माणसांत साथ येऊ शकते!”

बायकोने सुरी खाली ठेवली. “आपल्या बाळापर्यंतसुद्धा?”

“शक्यता नाकारता येत नाही,” सर सवयीने बोलून गेले.

“मग हा केक कापायचा कशासाठी, तेवढं सांगा.”

सरांना लाज वाटली. साथ आली तर किती माणसं दगावतील याचे आलेख त्यांनी शेकड्यांनी काढले होते. त्यात ही नात कधी धरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते वाटभर पुटपुटत होते, माझं खोटं ठरू दे.

ठरलं.

“पक्ष्यांचा नाही, सर,” सहायिका म्हणाली. “आपला माणसांचा नेहमीचाच फ्लू निघाला.”

“सुटलो!” सर मोठ्याने म्हणाले. उभ्या नोकरीत चुकल्याचा आनंद त्यांना पहिल्यांदाच होत होता.

“पण मग त्याला तो दिला कुणी?” सहायिकेने विचारलं आणि नोंदवही उघडली. “आणला त्या दिवशी त्याला तुम्हीच हाताळलंत, सर. चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क नाकाखाली होता. आणि तुम्ही शिंकत होतात.”

“ती धुळीची अॅलर्जी.”

“आ करा,” ती नमुन्याची काडी काढत म्हणाली.

झटपट चाचणीत कळलं, अॅलर्जी नव्हती, फ्लूच होता. विषाणू हवेतून गेला होता हे सरांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त तो निघाला होता सरांच्याच नाकातून.

“घरी कुणाच्या जवळ गेला होतात का?” सहायिकेने विचारलं.

सरांच्या डोळ्यांपुढे ती टाळू आली.  त्यांनी लगेच घरी फोन लावला.

“बाळाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने. मला फ्लू झालाय आणि काल मी तिला...”

 पलीकडे बायकोच्या मागे कुठेतरी बारीकशी शिंक ऐकू आली.

“तान्ही बाळं शिंकतातच,” बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “तुम्हाला ठाऊक असेल ना. शिंकतातच ना हो?”

“शिंकतातच,” सर म्हणाले. “तू निघ.”

तिने फोन न तोडता बाजूला ठेवून लेकीला हाक मारली. पुराव्यावाचून एक अक्षर न बोलणारा तो माणूस फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला आणि दुसरी शिंक येऊ नये म्हणून श्वास रोखून ऐकत राहिला.