गप्पीचा नवा थर

बापाने पोरीची वेणी मुठीत धरली आणि तिचं कपाळ टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. कीबोर्डवर रक्त सांडलं.

“माझी अब्रू वेशीला टांगतेस? पूस ते! आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत!”

साहित्याच्या वर्गात हिंसेवर निबंध ढिगाने लिहून झाले होते, पण खरीखुरी हिंसा दारातून आली तशी सगळ्यांची पाचावर धारण बसली. एकच मुलगा मध्ये पडला. त्याच्या अशी थोबाडीत बसली की चष्मा उडून भिंतीवर फुटला. आणि बाई? त्या फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या. “अहो, ऐका...” एवढंच निघालं, तेही घशातल्या घशात.

खरं तर हे सगळं बाईंच्याच कौतुकापायी झालं होतं. त्या मुलांना संगणकावर चित्रकथा रचायला शिकवत. काचेवर काच ठेवावी तसे चित्राचे थर एकावर एक. प्रत्येक थरापुढे छोटा डोळा. तो मिटला की थर दिसत नाही, पण जातही नाही. वर्गात कधी तोंड न उघडणारी ही मुलगी, जिला पोरं चिडवून गप्पी म्हणत, तिने आपलं घर काढलं होतं. जेवणाच्या टेबलाशी आई, बाप, मुलगी. वरचे थर मिटूनच तिने काम जमा केलं होतं. बाईंनी ते उघडले, हरखल्या, आणि तिला न विचारता सगळं उघडं चित्र कॉलेजच्या संकेतस्थळावर लावून टाकलं. काय ती हौस!

“पूस म्हणतो ना!” बापाने पुन्हा वेणीला हिसडा दिला.

गप्पीने माऊस थरांपुढच्या डोळ्यांवर नेला. टिचकी. फुटलेली ताटली गेली. टिचकी. आईचा फाटलेला ओठ गेला. टिचकी. बापाच्या हातातला पट्टा गेला. उरलं हसतमुख कुटुंब.

बाप ते बघत राहिला.

“हं. घर असं असतं,” तो म्हणाला. रुमालाने बोटं पुसली. “आता घरी जाऊन तुझ्या आईला विचारतो, हे शिकवलं कोणी.”

दार धाडकन आपटलं. कोणीतरी हुंदका दिला. बाई ओला रुमाल घेऊन धावल्या, तेव्हा गप्पीने नवा थर उघडला होता. कपाळावरचं रक्त भुवईत उतरत होतं आणि ती भराभर रेघा ओढत होती. उगारलेला हात. उडालेला चष्मा. बाकांवरची पोरं. शेवटी फळ्याला चिकटलेली एक बाई.

“बाई,” गप्पी म्हणाली. तिचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला. “तुम्ही इथेच होतात ना?”

बाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

“इथेच होते,” त्या म्हणाल्या. “तसंच राहू दे.”

“मिटू?”

“नको.”

त्यांनी रुमाल तिच्या कपाळावर दाबून धरला. दुसऱ्या हाताने पर्समधून फोन काढला, पोलिसांचा नंबर लावला.

“आई घरी एकटी आहे?”

गप्पीने होकारार्थी मान हलवली.

“पत्ता सांग. मोठ्याने सांग.”