एक नर्स पाठवा

चार चर्चनी मिळून नेमलेली समिती सहा महिन्यांत सातव्यांदा जमली होती. डोंगरापलीकडचा दवाखाना चालवणाऱ्या मिशनरी बाईंचं पत्र चिटणिसांनी पुन्हा वाचून दाखवलं. "मला आता अंथरुणातून उठवत नाही. एक नर्स पाठवा, नाहीतर महिनाअखेर दाराला कुलूप लावावं लागेल."

एका चर्चने घोंगड्या देऊ केल्या, दुसऱ्याने औषधं, तिसऱ्याने जुनी जीप. चिटणिसांच्या स्वतःच्या चर्चने हार्मोनियम देऊ केला.

"आजारी बाई काय हार्मोनियम वाजवत बसणार आहे?" चिटणिसांचं डोकंच फिरलं. "वस्तू कसल्या देताय, माणूस द्या. चार चर्चमध्ये मिळून आठशे माणसं आहेत, आणि जायची वेळ आली की प्रत्येकाची अडचण तयार."

पाळक छताकडे बघू लागले. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आले होते, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. चिटणिसांनी हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. कुणाची तरी लेक पाठवा."

तेव्हा सगळ्यांच्या पाठीमागे, शेवटच्या बाकापाशी एक हात वर झाला. चहाचे कप गोळा करायला आलेली ती चिटणिसांचीच लेक होती. गेल्याच महिन्यात नर्सिंग पास झालेली, आणि आई गेल्यापासून घरात त्यांना उरलेली तेवढीच.

चिटणिसांनी तो हात नीट पाहिला. मग सावकाश पत्राची घडी घातली.

"प्रार्थना करू या," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी डोळे घट्ट मिटून देवाकडे एक नर्स मागू लागले.