साडेसातची फेरी

टेलरकाकूंनी हात मागे करून खूण केली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"कुठे?" मागून सुनेने हळूच विचारलं.

"त्या उभ्या दगडाच्या डाव्या अंगाला. तपकिरी नव्हे गं, तो दगडच आहे. त्याच्या खाली बघ, मळकट पिवळा."

सुनेने दुर्बीण डोळ्यांना लावली. सरडा दगडाला पोट चिकटवून ऊन खात होता. त्याने मान दोनदा खालीवर केली आणि पुन्हा दगड होऊन बसला.

"मला दिसलाच नसता."

"चाळीस वर्षं दोऱ्याच्या शेड जुळवल्यात. एवढंही दिसू नये?"

सुनेने वहीत वेळ टिपली. टेलरकाकूंनी छातीवर हात ठेवून दोनतीन लांब श्वास घेतले आणि शेजारच्या दगडावर टेकल्या. खरं तर त्यांना दम लागला नव्हता.

ही एक बंद पडलेली दगडाची खाण होती. कडेने पायवाट, तळाशी साचलेलं हिरवट पाणी. सून कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि खाणीत कोणते सरपटणारे प्राणी राहतात त्याची नोंद ठेवायचं काम तिच्याकडे होतं. सून म्हणजे एकेकाळची. घटस्फोटाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण टेलरकाकूंच्या मनात तिला दुसरा शब्द सापडला नव्हता. सुनेलाही बहुधा सापडला नसावा. आधी ती 'आई' म्हणायची. आता वाक्यच असं बेतायची की हाक मारायची वेळच येऊ नये.

न्यूमोनियाने टेलरकाकू एकोणीस दिवस दवाखान्यात होत्या. मुलगा दुसऱ्या शहरात. तो चार दिवस राहून गेला आणि मग रोज न चुकता फोन करत राहिला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सून दारात उभी होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तिला कळलं होतं.

"रोज थोडं चालायला सांगितलंय ना? मी साडेसातला खाणीवर जातेच. चला माझ्याबरोबर."

पहिले काही दिवस चाळीस पावलांवर पाय लटपटत. पण थांबू या असं त्यांना कधी म्हणावं लागलं नाही. त्यांचा श्वास वर चढला की सूनच म्हणायची, "थांबा हं, इथे सापसुरळी असते." मग दोघी त्या गवतात बघत बसायच्या. सापसुरळी बहुतेक वेळा नसायची. एकदा मात्र खरोखरच निघाली, तांब्यासारखी चकचकीत, आणि दोघी एकदमच दचकल्या. घरातली पाल पाहून पलंगावर चढणाऱ्या टेलरकाकू पुढे पुढे स्वतःच कपारींत डोकावायला लागल्या.

आता थांबायची युक्ती त्यांच्याकडे आली होती. गेल्या आठवड्यात, मंगळवारी, डॉक्टरांनी छाती तपासून म्हटलं होतं, "एकदम स्वच्छ. मशीनवर बसा, एकट्या फिरा, सगळं चालू करा." घरी येऊन त्यांनी काहीच चालू केलं नव्हतं. मशीनवरची चादर तशीच होती. ब्लाउजचं विचारायला आलेल्या शेजारणीलाही त्यांनी अजून महिनाभर जमणार नाही म्हणून सांगितलं होतं.

आज सकाळपासून त्या मनात एक वाक्य जुळवत होत्या. पाण्याजवळ पोहोचल्यावर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पाण्यात अर्धवट बुडालेल्या ओंडक्यावर एक कासव मान लांब करून बसलं होतं. दोघी काठावर बसल्या. सुनेने डब्यातल्या सोललेल्या संत्र्याच्या फोडी त्यांच्यापुढे धरल्या.

"तो रविवारी येतोय," टेलरकाकू म्हणाल्या. "दोन दिवस आहे."

"हं."

"म्हटलं, तूही ये. तिघं मिळून फिरून येऊ इकडे. त्याला कुठे काय माहितीये यातलं? सरडा आणि सापसुरळी एकच समजेल तो."

सुनेने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"रविवारी मला नाही जमायचं." मग ती म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. तुम्ही मशीनवर कधी बसणार?"

"का गं?"

"एक ड्रेस शिवून हवा होता. दुसरीकडेही टाकता आला असता. पण तुमच्या हातचा..."

"कुठे घालायचाय?"

"नोंदणी कार्यालयात. पुढच्या महिन्यात, बारा तारखेला."

कासवाने एक पाय आत ओढून घेतला. टेलरकाकू त्याच्याकडेच बघत राहिल्या. हातातली फोड त्यांनी तोंडात टाकली नाही आणि खालीही ठेवली नाही.

"कोण आहे?"

"शाळेत शिकवतो. गणित."

"उंच आहे?"

सुनेला हा प्रश्न अपेक्षित नसावा. "माझ्याएवढाच आहे."

"बरंय. मान दुखायची नाही तुझी."

सून हसली, पण पटकन थांबली. टेलरकाकूंचा मुलगा सहा फुटांच्या वर होता, हे त्यांनी बोलून दाखवायची गरज नव्हती.

"तुम्हाला आधी सांगायचं होतं," ती म्हणाली. "इतर कुणाकडून कळायच्या आधी. रोज ठरवत होते. आणि ड्रेसचं राहू दे, अजून बरं वाटत नसेल तर. तब्येत आधी. आपलं फिरणं चालू ठेवू, शिवणाचं बघेन मी काहीतरी."

एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, की हो गं, अजून दम लागतो. म्हणजे उद्या पुन्हा साडेसात. परवाही. टेलरकाकूंनी हातातली फोड काठावरच्या दगडावर ठेवली आणि पदराला बोटं पुसली.

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"कधी?"

"मंगळवारी."

"परवा?"

"त्याच्या आधीच्या."

सुनेने मनातल्या मनात दिवस मोजले असावेत. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग दुर्बिणीची काच रुमालाने पुसत बसली. काच आधीच स्वच्छ होती.

"कापड घेतलंस?"

"घेतलंय. उद्या सकाळी येताना आणते."

"सकाळी नको. दुपारी आण, उजेडात रंग कळतो. सकाळचं फिरणं जमेल मला एकटीला." त्या उठल्या. "उभी राहा. माप घेऊन टाकू."

"आत्ता? टेप कुठे आहे?"

"वितीने घेते. टेपपेक्षा खरं असतं."

सून पाठ करून उभी राहिली. टेलरकाकूंनी तिच्या मानेखाली अंगठा टेकवला आणि खांद्याच्या कडेपर्यंत बोटं पसरली. मागच्या वेळी इथे पुरी वीत बसली होती. आता बोट कडेच्या बाहेर जात होतं.

"जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते."

त्यांनी दुसरा खांदा मोजला. मग मानेपासून कमरेपर्यंत. तिच्या पाठीवर ऊन पडलं होतं आणि कापड गरम झालं होतं. ओंडक्यावरून कासव पाण्यात उतरलं, तेव्हा दोघींपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"झालं?" सुनेने विचारलं.

"हलू नकोस," टेलरकाकू म्हणाल्या. "चुकलं बहुतेक. परत घेते."