चन्याची बोहनी

वर्ध्याजवळच्या आंजी गावात प्रभाकररावांच्या किराणा दुकानात एक नियम होता. नवा काटा आला की त्यावर पहिलं माप गिऱ्हाइकाचं पडायचं नाही. आधी घरचा मूठभर चना तोलायचा, देवापुढे ठेवायचा, मग धंदा. हा नियम मोडला की काटा खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं मत होतं, आणि प्रभाकररावांच्या मतांवर घरात अपील नव्हतं.

२००२ साली वर्ध्याच्या एका संशोधन संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटर आलं, तेव्हा त्यांनी तिथे नोकरीला असलेल्या मुलाला, डॉक्टर योगेंद्रला, विचारलं की हे यंत्र करतं तरी काय. योगेंद्रने कधी नव्हे ते सोपं करून सांगितलं: प्रथिनांचे तुकडे करायचे आणि एकेकाचं वजन घ्यायचं. घात तिथेच झाला.

“म्हंजे काटाच ना,” प्रभाकरराव म्हणाले आणि चन्याची पुडी त्याच्या खिशात कोंबली.

योगेंद्र अंधश्रद्ध नव्हता, पण न तोलता ‘तोलला’ म्हणून बापापुढे सांगायची त्याची छाती नव्हती. शिवाय यंत्राची चाचणी कशावर तरी घ्यायचीच होती. त्याने चिमूटभर चना वाटला, त्यातलं प्रथिन काढलं आणि सगळ्यांत आधी तेच यंत्राच्या नळीत सोडलं. यंत्राने झकास वजनं दिली. घरी प्रभाकररावही खूश.

मग खरं काम सुरू झालं. सिकलसेल या रक्ताच्या आजारात रोग्याला दुखण्याचा झटका येणार हे रक्तावरून आधीच ओळखता येईल का, हे त्याला शोधायचं होतं. रोहणा गावची शकुबाई आपल्या आजारी लेकीचं रक्त द्यायला यायची आणि दर वेळी विचारायची, मशीन कवा सांगन? काही महिन्यांत मशीनने सांगितलं. रोग्यांच्या झटक्याआधी घेतलेल्या रक्ताच्या आलेखावर एक बारकं टेंगूळ होतं, धडधाकट माणसांच्या आलेखावर ते नव्हतं. विभागप्रमुख सदाशिवराव निवृत्तीला आले होते. त्यांनी आनंदाने पेढे वाटले. आंजीच्या आठवडी बाजारात प्रभाकररावांनी ही बातमी भाजीवाल्यांनाही सांगायची सोडली नाही.

शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवशी योगेंद्रने उगाच खात्री म्हणून जुनी नळी पुन्हा बसवून तिच्यातून नुसतं शुद्ध पाणी सोडलं. टेंगूळ हजर. पाण्यालाही सिकलसेल झाला होता.

त्याने नोंदवही उघडली. रोग्यांचं रक्त या जुन्या नळीतून गेलं होतं, धडधाकटांचं नंतर बसवलेल्या नव्या नळीतून. त्याने टेंगळाची वजनं संगणकाला जुळवायला दिली. उत्तर आलं: हरभरा.

हे दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर निबंध गेला असता, नावही झालं असतं. मोह झाला, चांगलाच झाला. पण डोळ्यांपुढून शकुबाई हलेना. सदाशिवरावांना सांगायच्या आधी त्याने आंजीची बस धरली. त्याला जास्त भीती बापाचीच होती.

प्रभाकररावांनी सगळं ऐकून घेतलं.

“किती टाकला होता चना?”

“कणभर, बाबा.”

“अन् महिने झाले तरी यंत्र दाखवून राह्यलं?”

“हो.”

“मंग काटा तर खरा हाय. खोटं तू सांगून राह्यला.” ते उठले, पायात चपला सरकवल्या. “उद्या सायबाले सांगजो. बाजाराले मी सांगतो.”

दुसऱ्या दिवशी योगेंद्रने सदाशिवरावांना चन्याचं सांगितलं. ते म्हणाले, सगळं नव्या नळीवर पुन्हा करा. टेंगूळ गेलं, त्याच्याबरोबर शोधही गेला. शकुबाईला योगेंद्रने स्वतः रोहण्याला जाऊन सांगितलं की अजून कळलेलं नाही. तिने त्याला चहा पाजला आणि लेकीला पुढच्या महिन्यात घेऊन येते म्हणाली.

नळीत काय काय चिकटून राहतं यावर पुढे एक छोटासा निबंध मात्र छापून आला. शेवटच्या आभारांत आंजी (मोठी) येथील किराणा दुकानाचं नाव होतं, चन्यासह. ते पान प्रभाकररावांनी काट्याच्या वर टांगलं. कुणी विचारलं की ते आधी माप पुरं करत, मग सांगत:

“माह्या पोराचा काटा हाय. त्यानं घरचा चनाबी नाई सोडला.”