मेल्यावर बोलणारा कॉम्प्युटर

“मला मा… मा… मारलं! माझा घात झाला!”

वसाहतीच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरमधून तो लोखंडी आवाज आला आणि दारा-खिडक्यांत दाटलेली माणसं चिडीचूप झाली. टेबलावर कीबोर्ड नव्हता, माऊस नव्हता, खुर्ची रिकामी होती. बाजूला मेलेल्यांना बोलतं करतो म्हणवणारा वाणीबाबा डोळे मिटून उभा होता आणि त्याच्या पायाशी क्रेनवाल्याची विधवा बसली होती. गेल्याच आठवड्यात कारखान्यात क्रेनचा हूक अचानक खाली येऊन तिचा नवरा चिरडला गेला होता. मी इथल्या दवाखान्यातला डॉक्टर. त्याच्यावर चादर मीच ओढली होती.

“बघा, आत्म्याचा कंठ दाटून आलाय!” बाबा म्हणाला. “बोल बाळा, निर्धास्त बोल! ब्रह्मांडाचं नेटवर्क आज स्वच्छ आहे! कुणी मारलं तुला?”

मला हसू आलं. शेजारी उभ्या असलेल्या कारखान्यातल्या फिटरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते गिळलं.

“वायर… वायरमन,” यंत्र म्हणालं.

कारखान्याचा वायरमन दारातच उभा होता. बाबाच्या ज्या ‘जागृत शिळे’ला हात लावला की अंगातून झिणझिण्या जायच्या, त्या शिळेखालची उघडी तार त्याने मध्यंतरी चारचौघांत ओढून बाहेर काढली होती. बाबा तेव्हा नुसता हसला होता. आज तो हसत नव्हता.

“अहो, त्या क्रेनचा ब्रेक झिजला होता, मी तर—” वायरमनला पुढे बोलता आलं नाही. पहिली बुक्की तोंडावर बसली. मग किती हात होते, सांगता येत नाही. त्याला फरफटत अंगणात नेलं. मी मध्ये घुसलो तर कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं आणि मी भिंतीवर आदळलो. मागोमाग आलेल्या विधवेने अंगणाच्या कोपऱ्यातली लोखंडी कांब उचलली. तो डोकं वाचवायला हात वर करत होता. कांब मनगटावर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज मला एवढ्या गलक्यातही ऐकू आला.

“क्रेनलाच लटकवा याला!” फिटर ओरडला. कुणीतरी दोर आणायला धावलं.

“आत्म्याला शांती हवी,” बाबा पायरीवरून म्हणाला. अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या शाळेतून वायरमनची थोरली बहीण पांढरी काठी आपटत आली. ती जन्मांध, त्या शाळेत शिकवते. वसाहत तिला बाई म्हणते.

“ताई, येऊ नकोस!” तो रक्त थुंकत ओरडला.

बाई आवाजाच्या दिशेने वळून थबकल्या. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. पण त्यांनी काठी घट्ट धरली. “त्याला मारायचंच असेल तर मी काय अडवणार? पण मेलेला माणूस बोलतोय म्हणता, तर मलाही एकदा ऐकू द्या.”

नाही कसं म्हणणार? दोघांनी वायरमनला दाबून धरलं आणि बाकीचे आत वळले.

“बोल बाळा!” बाबा म्हणाला.

“होय तोच स्वल्पविराम वायरमननेच मला मा… मारलं,” यंत्र म्हणालं.

“क्रेनवाले भाऊ मेल्यावर व्याकरण शिकलेले दिसतात,” बाई म्हणाल्या. “बोलताना स्वल्पविरामसुद्धा उच्चारतात.”

कुणी हसलं नाही. पण फिटरच्या कपाळावर आठी पडली.

“हा आवाज तुमच्या ओळखीचा नाही, माझ्या आहे. मीच तो इथे बसवला. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना बातम्या, वेबवरची माहिती ऐकता यावी म्हणून. लिहिलेलं मोठ्याने वाचणं एवढंच त्याला येतं. अक्षर चुकलं आणि खोडलं, की खोडलेलं अक्षरही वाचतो. तुमच्या आत्म्याचा कंठ दाटलेला नाही, कुणाची तरी बोटं अडखळताहेत.”

“कुणाची? इथे कीबोर्ड तरी आहे का?” बाबा गरजला. “आंधळ्या बाईला दिव्यदृष्टी काय कळणार!”

“कीबोर्ड इथेच असावा लागत नाही. बिघाड झाला की मी शाळेत बसून हा कॉम्प्युटर नेटवर्कवरून दुरुस्त करते. तशीच सोय आणखी कुणीतरी वापरतंय.” बाईंनी फोन काढला, कानाशी धरला, बोटं फिरवली. “आता मी त्याची जोडणी तोडली. बाबा, बोलवा.”

“बोल बाळा!”

यंत्र गप्प.

“बोल ना!”

काही नाही. बाई चाचपडत विधवेजवळ गेल्या. “वहिनी, भाऊंच्याच तोंडचा असा एक शब्द माझ्या कानात सांगा, जो इथे कुणालाच ठाऊक नाही.”

ती वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. बाईंची बोटं फोनवर हलली.

“साळुंकी,” यंत्र त्याच लोखंडी आवाजात म्हणालं.

विधवा कांबेसकट खाली कोसळली. “या नावानं हाक मारतील म्हणून मी रोज इथे येत होते,” ती हुंदके देत म्हणाली. “हे ते नाहीत. हे ते नाहीत गं!”

इतके दिवस ‘आत्मा’ तिच्याशी बोलत होता आणि एकदाही त्याने तिला त्या नावाने हाक मारली नव्हती.

बाई म्हणाल्या, जोडणी याच इमारतीच्या वायफायवरून आली होती. फिटरने लाथ घालून मागची खोली उघडली. आत बाबाचा मेहुणा लॅपटॉप सतरंजीखाली सरकवत होता. दोन थपडांत त्याने सगळं ओकलं: भिंतीला कान लावून तो प्रश्न ऐकायचा आणि उत्तरं टाइप करायचा. पासवर्ड कुठून मिळाला? शिकायला आलोय असं सांगून तो बाईंच्या मागे उभा राहायचा आणि त्यांची बोटं पाहायचा.

मग वायरमनला सोडून तीच गर्दी बाबावर तुटून पडली. मेहुण्याचं डोकं चौकटीवर आपटलं. बाबाचा कान फाटला. फिटरने पडलेली कांब उचलली आणि बाई अंदाजाने मध्ये शिरल्या. वार त्यांच्या खांद्यावर बसला. त्या गुडघ्यावर आल्या, पण बाजूला झाल्या नाहीत.

“यालाही मारून टाका,” त्या दात आवळून म्हणाल्या. “मघाशी कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून माझ्या भावाला मारलंत, आता मी सांगितलं म्हणून याला. उद्या तिसरा कुणी सांगेल. अरे, विचारा ना! आवाज कुठून येतोय, कोण बोलतंय, त्याचा फायदा काय? मलासुद्धा विचारा. पण हात उचलायच्या आधी विचारा!”

फिटरच्या हातातून कांब निसटली. मी पोलिसांना फोन केला.

बाबा आणि मेहुणा कोठडीत गेले. वायरमनला मारणाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. क्रेनच्या ब्रेकची चौकशी अजून चालू आहे. वायरमनचं मनगट मी बसवलं, पण त्याची दोन बोटं आता वळत नाहीत. बारीक तार त्याला धरता येत नाही. वाचकहो, भुताने त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. त्याला मोडलं ते रोज रामराम करणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांनी, आणि तेही एक साधा प्रश्न विचारायचा राहिला म्हणून.