तीन सूत बाहेर

मित्रांनो, मी एक ओळंबा आहे आणि आता मला म्हातारा म्हणायला हरकत नाही. भिंत उभी सरळ आहे की नाही, हे सांगणे एवढेच माझे काम. लेथवर मला घडवणाऱ्या कारागिराने पितळेचा गोल गज कातून माझे अंग निमुळते केले, डोक्याच्या बरोबर मध्यावर छिद्र पाडले आणि त्यातून दोरी ओवली. सोबतीला एक चौकोनी लाकडी ठोकळा दिला. त्याची रुंदी माझ्या जाडीइतकीच, आणि दोरी त्याच्याही मध्यातूनच जाते. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला जेमतेम स्पर्श करून थांबलो, तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली, तर ती वर बाहेर झुकलेली.

मला एका गवंड्याने विकत घेतले. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. त्यांची थोरली बहीण आक्का त्यांच्याबरोबर सिमेंट-वाळू कालवायला असे. ती कामात त्यांच्या बरोबरीची होती आणि जिभेने चार पावले पुढे. रविवारी दोघे चर्चमध्ये उपासनेला जात. एकदा पाळकांनी शास्त्रातील एका संदेष्ट्याचे दर्शन सांगितले. त्यात देव स्वतः हाती ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा होता आणि आपल्याच लोकांना मोजत होता, राजासकट. त्या दिवशी काकांनी घरी येताच मला घासून लखलखीत केले.

“बघ रे, आता हा भाव खाणार!” आक्का म्हणाली.

खरेच, मी थोडा फुगलो होतो. पुढे कितीतरी वर्षे आमच्या भिंतींना ‘सुतासारखी सरळ’ अशी शाबासकी मिळत गेली.

मग त्याच चर्चच्या मंडळीने शाळा बांधायला घेतली. देखरेखीला मंडळीतलेच एक वडीलधारे गृहस्थ नेमले. त्यांच्या काखेत सदैव मोजपट्टी असे, म्हणून मजुरांनी त्यांचे नाव ठेवले फूटपट्टीसाहेब. मध्येच काका तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळले. साहेबांनी घाईघाईत दुसऱ्या माणसांकडून पूर्वेची भिंत चढवून घेतली. काका परतले, त्यांनी मला सोडले, आणि फट दिसली. चार फुटांत तीन सूत! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारा फूट उंचीत ते नऊ सूत होतात, म्हणजे इंचाहून जास्त. दुपारी सरकारी तपासनीस येणार होत्या. त्यांनी होकार दिला, की त्या भिंतीवर छताचे सारे वजन चढणार होते. भिंतीलगत पहिलीचा वर्ग होता.

“साहेब, ही भिंत उतरवावी लागेल,” काका म्हणाले.

“वेड लागलंय का तुम्हाला? उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यात. ठोकळा तीन सूत घासा, म्हणजे फट दिसायची नाही.”

“म्हणजे ओळंबा खोटा करू?”

“मिस्त्री, रविवारी काय झोपा काढता? अधिकार देवाकडून येतो, असं शास्त्र सांगतं. मंडळीनं मला नेमलंय. मुकाट्यानं ऐका.”

“ऐकतोच की, साहेब. बोलावलंत तेव्हा आलो, सांगितलंत ते केलं. कामावरून काढायचा अधिकारही तुमचाच. पण ज्यानं तो तुम्हाला दिला, त्याच्यापुढे तुम्ही-मी दोघंही भिंतच आहोत. बाळं मारायचा राजाचा हुकूम असूनही सुइणींनी ती जगवली, हेही त्याच शास्त्रात आहे.”

“मग आजपासून काम बंद. दोघांचंही. ओळंबा तपासणीपुरता इथंच ठेवा.”

आक्काने घमेले खाली टाकले. “साहेब, भिंतीवर जरा डोळे वटारा. घाबरून होईल सरळ!”

हसण्याची वेळ नव्हती. त्यांच्या घरात कमावणारे हात एवढेच होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या गवंड्याला नवे काम सहज मिळत नाही. तरी काकांनी मला शांतपणे विटांवर ठेवले. “मी तपासनीस येईपर्यंत फाटकाशी उभा राहणार आहे. चोरून नाही, तुम्हाला सांगून.”

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी कानस आणली आणि ठोकळा घासला. मित्रांनो, माझी दोरी तर सरळच लोंबणार होती. पण आता माझ्याकडून खोटे वदवले जाणार होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

तपासनीस बाई आल्या. काकांनी फाटकातच त्यांना नमस्कार केला. “बाई, मला कामावरून काढलंय. पण ती पूर्वेची भिंत चार फुटांत तीन सूत बाहेर आहे. ओळंबा माझा आहे. ठोकळा दोन्ही बाजूंनी लावून बघा.”

बाईंनी मला सोडले. मी भिंतीला नेमका टेकलो. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. मग बाईंनी ठोकळा फिरवून त्याची दुसरी बाजू भिंतीला लावली. तीन सुतांची फट लख्ख दिसली. घाईत एकच बाजू घासली गेली होती.

“साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या बाहीवर लाकडाचा भुसा आहे.”

भिंत उतरवण्याचा लेखी हुकूम त्यांनी तिथेच दिला. तोही माणसाचाच हुकूम होता, मित्रांनो, आणि काकांनी तो आदराने ऐकला. कारण त्या बाई स्वतःही ओळंब्याच्या हुकमात राहून बोलत होत्या.

साहेबांनी काखेतली मोजपट्टी खाली ठेवली. म्हणाले, “मिस्त्री, उद्या कामावर याल का?”

“आम्ही काढलेली माणसं,” आक्का म्हणाली. “नीट बोलवा.”

“चुकलो मी, आक्का. या.” एवढे बोलून ते स्वतः परांचीवर चढले आणि भिंतीची सर्वांत वरची वीट त्यांनी आपल्या हाताने काढली.

आज प्रकाशाची रेघ मारणारी यंत्रे आली आहेत. मी एका कपाटात हिरवट पडून असतो आणि माझी दोरी कुजत चालली आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मागणे एकच आहे. उद्या तुमच्यातला कुणी मुख्याध्यापक होईल, कुणी अधिकारी, कुणी पाळक. हुकूम सोडण्याआधी मला नवी दोरी बांधा आणि आधी तुमच्या स्वतःच्या भिंतीवर सोडा. फट दिसली, तर वीट उतरवा. माझा ठोकळा मात्र घासू नका.